नियमांत बसणारी खरखर

इलेक्ट्रिक गिटारीचा फाटलेला आवाज घरी रेकॉर्ड करायचा म्हटलं की जाणकार लगेच विचारतात, गिटार कोणती, अ‍ॅम्प कोणता, माइक कोणता. हे सगळं नंतरचं. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात राहणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी लागतं ते कुणाचं तरी लग्न. नातं असं हवं की बायकोला आणि मुलीला जावंच लागेल आणि मी नाही गेलो तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. कार्यालय कर्जतच्या अलीकडे नको, नाहीतर मंडळी जेवून चारला दारात हजर. शिवाय त्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी लेकीकडे गेलेल्या हव्यात, समोरच्या बारावीच्या मुलाचा क्लास हवा आणि वरच्यांकडे टाइल्सचं काम निघालेलं नको. एवढे ग्रह जुळले की मग गिटार कोणती हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर, जी आहे ती.

मी एका सहकारी बँकेत आहे, कर्ज विभागात. पन्नाशी उंबऱ्यावर आली आहे. नव्वदच्या दशकात माझे केस खांद्यापर्यंत होते. आता खांदे तेवढे शिल्लक आहेत. त्या काळी आम्ही चार टाळकी लोकलने व्हीटीला उतरून धोबीतलावापर्यंत चालत जायचो, रंगभवनात. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक व्हायचा. वर आभाळ, खाली काळे टी-शर्ट आणि समोरून थेट बरगड्यांत शिरणारा गिटारीचा तो आवाज. पुढे सन २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळ, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर म्हणजे शांतता क्षेत्र, असं ठरलं. रंगभवनाला कॉलेज खेटून आणि इस्पितळ हाकेच्या अंतरावर. आमच्या पिढीचं देऊळ असं कायद्याने मौनात गेलं आणि आम्ही आपापल्या घरी आलो. आवाज डोक्यात घेऊन आलो, एवढाच काय तो गुन्हा.

आमचं घर मात्र गाण्याचं. आई किराणा घराण्याची तालीम घेतलेली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सकाळी तानपुरा काढते. संध्याकाळी इमारतीतल्या दोन-तीन मुली शिकायला येतात. तानपुरा मिरजेचा. त्याला आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मान आहे आणि कोपराही त्याचाच चांगला आहे. अशा घरात इलेक्ट्रिक गिटार आणली की भांडण होणार, निदान अबोला तरी धरला जाणार, अशी माझी रास्त अपेक्षा होती. बंडखोराला समोर अडवणारं कुणीतरी लागतं. त्यामुळे अ‍ॅम्पचं गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवून मी पहिल्यांदा तार छेडली तेव्हा मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं. आई पोळपाटावरून उठून आली, हाताला पीठ तसंच, दाराशी उभी राहून नीट ऐकलं आणि तानपुऱ्याबद्दल बोलावं तशी म्हणाली, "जवारी फार खुली आहे रे." आणि तवा तापला म्हणून परत गेली.

तीस वर्षं जपलेलं बंड एवढ्यात निकालात निघालं.

आता हा आवाज फाटतो म्हणजे होतं काय, तर अ‍ॅम्पच्या ताकदीला एक छत असतं. तारेतून आलेली लाट त्या छतापेक्षा उंच झाली की तिचा माथा छाटला जातो. जिथे छाटलं तिथे कडा तयार होतात आणि त्या कडांतून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी स्वर बाहेर पडतात. मोठा आवाज छताला अडतो, लहान आवाज त्याच्या बरोबरीला येतो, त्यामुळे एरवी दोन सेकंदांत विझणारी तार रेंगाळते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात या सगळ्याची नोंद दोष म्हणून आहे, आणि हा आवाज सापडलाही दोषातूनच.

१९५१ साली आयक टर्नरची मंडळी मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणं करायला निघाली. वाटेत त्यांच्या अ‍ॅम्पला मार बसला. फिलिप्सनी स्पीकरच्या जखमेत कागद कोंबला आणि आहे त्या घरघरीसकट रेकॉर्डिंग केलं. १९५८ साली लिंक रे यांना हवा तसा आवाज मिळेना, तर त्यांनी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. त्यातून आलेली 'रम्बल' ही धून काही रेडिओ केंद्रांनी वाजवायचीच नाही असं ठरवलं. धुनेला शब्दच नव्हते. एकही शब्द न उच्चारता आक्षेपार्ह ठरणं हे कौतुकास्पद आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत मी तसा प्रयत्न करून पाहिला, पण मला तोंड उघडावंच लागतं. १९६४ साली लंडनमध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरवर ब्लेड फिरवलं. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवत होतो, तर आतून बायकोचा आवाज आला, "अहो, ब्लेड जागेवर ठेवा आधी."

यातली मला सर्वांत आवडणारी हकीकत नॅशव्हिलची आहे. १९६१च्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांचा बास गिटारीचा तुकडा चालू असताना मिक्सिंगच्या टेबलातला एक भाग बिघडला आणि मधाळ गाण्यात अचानक माशी घोंघावल्यासारखा आवाज आला. गाणं तसंच बाजारात गेलं आणि चाललं. मग लोक येऊन विचारायला लागले की आम्हालाही तो बिघाड हवाय. तोवर तो भाग कायमचा गेला होता. तेव्हा ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरने तसाच बिघाड मुद्दाम करणारं सर्किट सहकाऱ्यासोबत तयार केलं, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते माएस्ट्रो फझ-टोन नावाच्या पेटीत घालून विकायला काढलं. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती पेटी वाजली आणि मग दुकानांत पेटी मिळेना. बंद पडलेल्या मशिनचा हुबेहूब बिघाड पैसे घेऊन पुरवायचा, असा प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर आला असता तर मी तो तारण न विचारताच फेटाळला असता.

तर माझा संसार असा. दहा वॅटचा सरावाचा अ‍ॅम्प, स्पीकर साडेसहा इंची. एक जुनी गिटार. कॉम्प्युटरला जोडायचा दोन तोंडांचा इंटरफेस. मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप. आणि शुअर कंपनीच्या १९६५ पासून चालत आलेल्या एसएम५७ या माइकसारखा लांबून दिसणारा एक माइक. जगातल्या असंख्य मोठ्या रेकॉर्डवरच्या गिटारी खऱ्या एसएम५७वरच टिपल्या गेल्यात, आणि तो तसा महागही नाही. पण 'तसा महाग नाही' हे वाक्य आमच्या घरात कोण म्हणतंय यावर त्याचा अर्थ बदलतो.

दहा वॅट म्हणजे काहीच नाही, असं गिटारवाले म्हणतात. गिटारवाले डोंबिवलीत राहत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी कायद्याची मर्यादा आहे. माझा चिमुकला अ‍ॅम्प पूर्ण सोडला की हातभर अंतरावर शंभराच्या घरात जातो. भाद्रपदात आमच्या रस्त्यावरून ढोल-ताशाचं पथक जातं तेव्हा शोकेसमधले कप थरथरत पुढे सरकतात, आणि आम्ही सगळे गॅलरीत उभे राहून हात जोडतो. तो परंपरेचा आवाज. माझा नुसताच आवाज.

म्हणून मी कपाटात शिरलो. मी म्हणजे अ‍ॅम्प. बेडरूममधलं लाकडी कपाट, त्याचा खालचा भाग रिकामा केला, सत्यनारायणाचा चौरंग आत ठेवला, चौरंगावर अ‍ॅम्प, अ‍ॅम्पसमोर माइक, दोन्हीवर आजीच्या हातच्या गोधड्या. वर हँगरला बायकोच्या पैठण्या. चौरंगाचं कारण धार्मिक नाही. अ‍ॅम्प जमिनीला टेकला की त्याचा खर्ज फरशीतून थेट खालच्या आजींच्या पलंगात उतरतो. गोधडीने टोचरे, बारीक स्वर छान शोषले जातात. पैठणीचंही तेच. मात्र मंद्र स्वर कापडाला भीक घालत नाहीत. गिटारीची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला लागते आणि त्या स्वराची लाट हवेत सव्वाचार मीटर लांब असते. आमची बेडरूम आहे सव्वातीन मीटर. लाट खोलीत मावतच नाही, तेव्हा उरलेली मीटरभर ती शेजाऱ्यांकडे जाणार हे गणितानेच ठरलेलं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हे कागदावर आकृती काढून समजावलं. ते बराच वेळ आकृतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला खोली वाढवायची परवानगी हवीय का? एफएसआय संपलाय."

आवाज बाहेर जाण्याचा बंदोबस्त झाला, निदान अर्ज तरी झाला, की मग आत येणाऱ्या आवाजांची पाळी. फाटक्या गिटारीची खरी गोम इथे आहे. साध्या गिटारीला आजूबाजूचं फारसं ऐकू येत नाही. पण गेन वाढवला की जे जे बारीक ते ते मोठं होतं. तारेवरून सरकलेलं बोट किंचाळतं, शर्टाची बाही घासली की वादळ येतं. वाजवणं थांबवलं की कहरच. एक अखंड गुणगुण सुरू होते. ही आपल्या घरगुती विजेची. पन्नास हर्ट्झची वीज, ती पन्नासात आणि त्याच्या दुपटीत, म्हणजे शंभरात गाते, आणि गिटारीच्या चुंबकाभोवती गुंडाळलेली तार ती इमानाने पकडते. मी हेडफोन काढून वैतागून बसलो होतो. आई जपमाळ ओढत होती. माळ न थांबवता म्हणाली, "तुझा डबा पांढरी पाचात लागलाय. जरासा चढा आहे."

मी मोजून पाहिलं. पांढरी पाच ९८ हर्ट्झ, वीज शंभर. अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी चढी. आईला हे माळ ओढता ओढता कळलं होतं. पुढे एकदा तानपुऱ्याची जोडाची तार तुटली आणि शिकायला मुलगी तर दारात उभी, तेव्हा आईने मला हाक मारून सांगितलं, "तो डबा लाव जरा." त्या दिवशी त्या मुलीने भारतीय विजेच्या षड्जावर भूपाचे पलटे घोटले. गिटारीला हात लावायची मला परवानगी नव्हती.

या गुणगुणीवर इलाज आहे. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तो शोधला: एकाऐवजी दोन वेटोळी, उलट बाजूंनी जोडलेली, म्हणजे गुणगुण दोघांत येते आणि एकमेकींना खाऊन टाकते, तारेचा स्वर मात्र शाबूत राहतो. हंबकर त्याचं नाव. माझ्या गिटारीत तो नाही. अशांसाठी दुसरा इलाज म्हणजे गिटार घेऊन खोलीत हळूहळू गोल फिरायचं. एका दिशेला गुणगुण एकदम खाली बसते. आमच्या बेडरूममध्ये ती दिशा आग्नेय आहे. मी खुर्ची तिकडे वळवून बसतो. सासूबाईंना वाटतं की जावई उशिरा का होईना वास्तुशास्त्राकडे वळले, आणि मी तो गैरसमज तसाच ठेवला आहे, कारण त्या बदल्यात पाठीमागच्या भिंतीला एक जाड गालिचा मिळाला.

पंखाही बंद करावा लागतो. त्याचा वारा नव्हे, त्याचा रेग्युलेटर नडतो. आमच्याकडचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पंखा सावकाश फिरवायला विजेची लाट ठरावीक जागी तोडतात. तोडली की कडा, कडा आल्या की चरचर, म्हणजे गिटारीच्या अ‍ॅम्पमध्ये मी जे हौसेने करतो तेच भिंतीतल्या डबीत फुकट चालू असतं. तेव्हा मे महिन्यात, खिडक्या बंद, पंखा बंद, अंगावर गिटार, आग्नेयेला तोंड. तपश्चर्येची वर्णनं वाचली आहेत, त्यांत डोंबिवलीचा दमटपणा कुणी धरलेला नाही.

एवढं करूनही भंगारवाला येतो. घंटागाडी गाणं म्हणत येते. कुकर होतो. एका तुकड्यात कुकरची शिट्टी नेमकी समेवर आली आहे, ती मी काढलेली नाही, आणि ज्यांना ऐकवलं त्यातल्या एकाने "तिथे काय वापरलंस?" असं विचारलंही.

माइक कुठे ठेवायचा यावर जगात जेवढं लिहिलं गेलंय तेवढं मराठी शुद्धलेखनावरही लिहिलेलं नसेल. स्पीकरच्या कोनाच्या बरोबर मध्यावर माइक रोखला तर आवाज टोचरा येतो, कडेला सरकवला तर मऊ, गुबगुबीत. आणि जाळीला अगदी चिकटवला तर खर्ज फुगतो, कारण या जातीच्या माइकला जवळच्या गोष्टींचा खर्ज उगाच जास्त ऐकू येतो. दोन बोटांच्या अंतरात गिटार वेगळी होते. कापडामागे कोनाचा मध्य दिसत नाही, म्हणून टॉर्च मारून बघायचा. बायको लग्नाहून लवकर परतली त्या दिवशी मी कपाटात डोकं घालून, टॉर्च लावून, पैठण्यांच्या खाली काहीतरी बोटभर सरकवत होतो. तिने फक्त पर्स खाली ठेवली. "दागिने बँकेत आहेत," ती म्हणाली. "तुमच्याच."

आता गेनबद्दल. गेन हा हिंगासारखा आहे. वास हवा, खडा दाताखाली यायला नको. ऐकताना जो आवाज राक्षसी वाटतो तो रेकॉर्ड करताना प्रत्यक्षात बराच माफक असतो. बटण पूर्ण फिरवलं की सगळ्या लाटांचे माथे एका रेषेत छाटले जातात, तारेवरचा आघातच नाहीसा होतो आणि उरतो नुसता सपाट घोंगाट. बटण निम्म्याच्या खाली आणलं की आघात परत येतो आणि गिटार मोठी वाटते. हे पटवून घेणं मला फार जड गेलं, कारण कर्ज विभागात मी दिवसभर लोकांना कमी घ्या म्हणून सांगतो आणि ते ऐकत नाहीत. कानांचीही यात फसवणूक असते. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात माणसाचा कान खर्जाला जवळजवळ बहिरा होतो. म्हणजे रात्री शेजारधर्म पाळून बारीक आवाजात काम करणारा माणूस खर्ज वाढवत जातो, वाढवत जातो, आणि सकाळी ऑफिसला जाताना गाडीत ऐकतो तेव्हा आत गिटारीऐवजी मुंब्र्याच्या बोगद्यातली लोकल असते.

ज्या दिवसांत कुणाचंच लग्न नसतं, म्हणजे चातुर्मासात, तेव्हा अ‍ॅम्प वर्ज्य. गिटार थेट इंटरफेसला लावायची आणि अ‍ॅम्पचं सोंग कॉम्प्युटरकडून वठवून घ्यायचं. याला थोर परंपरा आहे. १९६८ साली बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन'मधली ती ओरबाडणारी गिटार अ‍ॅम्पमधून आलेलीच नाही. जेफ एमेरिक यांनी ती सरळ मिक्सिंगच्या टेबलात घातली आणि एकामागोमाग दोन प्रीअ‍ॅम्प ओसंडून वाहू दिले. पांढऱ्या कोटातल्या तंत्रज्ञांच्या, शिस्तीच्या ईएमआय स्टुडिओत. सरकारी कार्यालयात हळूच शिक्का उलटा मारण्यातला आनंद त्यात असणार.

फक्त एक पथ्य आहे. गिटारीचा स्पीकर हा अर्धा बहिरा स्पीकर असतो. पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं तो फारसं बाहेर येऊच देत नाही. म्हणूनच फाटका आवाज सुसह्य होतो. थेट रेकॉर्डिंगमध्ये हा पहारेकरी नसतो, आणि स्वर कान कुरतडतात. म्हणून स्पीकर आणि त्याचं खोकं यांचा नमुना, ज्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, तो सॉफ्टवेअरमध्ये पुढे लावायचा. चांगले नमुने फुकट मिळतात. अ‍ॅम्पची नक्कल करणारं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरही फुकट आहे. जगातले दहा-दहा लाखांचे अ‍ॅम्प माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत, आणि लॅपटॉपची बिजागरी रबरबँडने बांधलेली आहे.

त्या लॅपटॉपचा स्वभाव सावकाश आहे. तार छेडल्यावर आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन, सजून, हेडफोनमध्ये परत येईपर्यंत वेळ जातो. आवाज क्षणभर साठवायची जागा, म्हणजे बफर, पाचशे बाराचा ठेवला तर नुसते तिथेच अकरा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे गिटार माझ्या मांडीवर आणि आवाज चार मीटरवरच्या मोरीतून. बफर एकशे अठ्ठावीसवर आणला तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण लॅपटॉपला दम लागून तो तडतडायला लागतो. ही खरखर मात्र नको असते. एकाच वेळी हजारो रुपयांची खरखर जोपासायची आणि फुकटची खरखर मारायची, हे घरच्यांना समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे.

या शांत पद्धतीचा तोटा दिसण्यातला आहे. आवाज फक्त माझ्या कानात. माझ्या लेखी मी वानखेडे भरलेलं असताना उभा असतो. खोलीत बाकीच्यांना ऐकू येतं ते न जोडलेल्या तारांचं किणकिण आणि दिसतो तो बनियनवरचा एक गृहस्थ, डोळे मिटून, खालचा ओठ दाबून. मुलगी दारात थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुला पाठीचं काही झालंय का?"

अशा वेळी मी टॉम शोल्झ यांचं नाव घेतो. नोकरदार गिटारवाल्यांचं ते कुलदैवत. एमआयटीतून शिकलेला, पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा इंजिनिअर. कामावरून घरी यायचा आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग करायचा. बोस्टन बँडचा १९७६चा पहिला अल्बम बव्हंशी त्या तळघरातला आहे. कंपनीचा आग्रह होता की सगळं रीतसर स्टुडिओत पुन्हा करा. तेव्हा बँडची बाकीची मंडळी लॉस एंजेलिसला स्टुडिओत बसली आणि शोल्झ इकडे तळघरात काम करत राहिले. एकट्या अमेरिकेत त्या अल्बमच्या १ कोटी ७० लाख प्रती गेल्या. आमच्या इमारतीला तळघर नाही. पाण्याची टाकी आहे, पण तिची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

गिटार रुंद वाटावी म्हणून तोच तुकडा दोनदा वाजवायचा. एक डाव्या कानात, एक उजव्या कानात. एकाचीच नक्कल करून दोन्हीकडे टाकली तर काही होत नाही, आवाज नुसता मोठा होतो. खरोखर पुन्हा वाजवावं लागतं, तंतोतंत तसंच, आणि तंतोतंत होत नाही म्हणून मजा येते. "तेच तेच काय वाजवताय मघापासून?" असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, आधीचं डावीकडचं होतं. ती म्हणाली, "बरं."

आईने मात्र मुळालाच हात घातला. "दोनच स्वर लावतोस तू. बाकीचे का नाही?" मी सांगितलं की याला पॉवर कॉर्ड म्हणतात. फाटक्या आवाजात दोन स्वर एकत्र शिरले की आत त्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन तिसरेच स्वर जन्मतात. षड्ज-पंचम लावले तर त्यांचं दोनास तीन हे नातं इतकं सरळ की वजाबाकीतून खालचा षड्ज आपोआप येतो, आणि दोन बोटांत खर्ज फुकट मिळतो. गंधार घातला तर गिटारीचा गंधार मुळात थोडा चढा असल्यामुळे आत मारामारी होते. आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे षड्ज-पंचम लावायचे, घोडीवर तार जरा घासू द्यायची आणि वरचे स्वर आपोआप निघू द्यायचे. हा तानपुराच की."

आता यावर मी काय बोलणार? तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता असतो, तार त्याला हलकेच शिवत कंप पावते आणि खाली सरकवलेल्या दोऱ्याने ते शिवणं नेमकं केलं की जवारी बोलायला लागते. साध्या तारेत जे वरचे स्वर असायलाच नकोत तेही तानपुऱ्यात ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच लिहून ठेवलंय. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या कारागीर कानस फिरवून ही खरखर घडवतात, तीही नेमकी हवी तेवढीच, आणि कुणी पोलिसांत जात नाही. ज्या आवाजासाठी मी केस वाढवले, तो आमच्या घरात खोळ घालून कोपऱ्यात उभा होता.

अलीकडे आईची बोटं दुखतात. परवा म्हणाली, "तानपुरा भरून दे मला त्यात. रियाजाला लावेन." रात्री सगळं निजल्यावर बसलो. पंखा बंद, आग्नेयेची गरज नव्हती. माइक घोडीच्या समोर वीतभर. तिने लावून घेतला, पाच मिनिटं छेडला, मग हेडफोन कानावर दाबून ऐकलं.

"सुरात आहे," ती म्हणाली. "पण फार सभ्य आलाय. जवारी कुठे गेली?"

मी म्हटलं, हा माइक वरचं थोडं खातो.

"मग ते तुझं बटण आहे ना, खरखरीचं?"

तानपुऱ्यावर? मिरजेच्या? मी तिच्याकडे बघितलं. ती बटणाकडे बघत होती. मी अगदी केसभर फिरवलं.

"अजून."

अजून फिरवलं.

"अजून जरा. घाबरतोस कसला?"

स्क्रीनवर तांबडं लागलं. "अगं आई, फाटतंय आता."

"फाटू दे," आई म्हणाली, "गंधार बोलायला लागलाय."